बिनपंचाचा खेळ

६ सप्टेंबर

बेबी,

फोन तू तोडतेस. पत्र तोडता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस वाचतोच. म्हणून लिहिते आहे.

उत्तराची वाट मी बघत नाही. मागच्या पत्रांनाही आलं नव्हतं. "माझी मुलगी पळवलीस" हे तुझं शेवटचं वाक्य, आणि त्यावर तेव्हा सांगितलं तेच आजही सांगते: तिला या गावात नोकरी लागली आणि माझ्याकडे एक खोली रिकामी होती. यात पळवापळवी कुठे आली? ती म्हणते, तुम्हा मायलेकींचंही बोलणं बंद आहे. मग तिची खुशाली तुला माझ्याखेरीज कोण कळवणार?

खुशाली अशी, की ढब्बीचं काहीतरी चाललं आहे.

पहाटे उठते. हिला शाळेसाठी उठवताना तोंडावर पाणी मारावं लागायचं, आठवतं ना? आता मी दूध तापवायला उठते तर हिचं अंथरूण घडी केलेलं आणि बूट गायब. परत येते ती घामाने निथळत, गुडघ्यापर्यंत माती. कमरेवर हिरवानिळा डाग. विचारलं तर म्हणे, पडले. दोन दिवसांनी दुसऱ्या बाजूला डाग. विचारलं तर म्हणे, पडले. पाळीपाळीने दोन्ही बाजूंना पडणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. आणि ढब्बी हे नाव आता तिला शोभतही नाही. नुसती काडी झाली आहे.

स्वयंपाकघरात एक डबा आला आहे. आत पांढरी पूड, वर काही लिहिलेलं नाही. ती पाण्यात ढवळून पिते. सगळा जन्म वजनमापे खात्यात काढल्यावर लेबल नसलेला डबा मला बघवत नाही. चिमूटभर पूड कागदात बांधून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे नेली. त्याने जिभेला लावली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, साखर आणि मीठ आहे. जुलाब होताहेत का?" मी म्हटलं, मला काहीही होत नाही, आणि निघून आले.

संध्याकाळचा प्रकार याहून विचित्र. चष्म्याच्या दुकानातून घरी आली की खुर्चीवर ताठ बसते, डोळे मिटते आणि उजवं मनगट हलवते. ओठ हलतात. मधेच दचकते. परवा "सुटली" असं पुटपुटली आणि लांब श्वास घेऊन पुन्हा मनगट हलवायला लागली. कोण सुटली? कुणाच्या हातून? वयात आलेल्या मुलीच्या बाबतीत अशा वेळी काय मनात येतं ते तुला सांगायला नको. तेव्हा परवा पहाटे मी तिच्या मागोमाग गेले.

मुलगा नाही. मैदान आहे. पाण्याच्या टाकीमागे उभी राहून मी सगळं पाहिलं. एकोणीस-वीस मुलंमुली, मिसळून. ताटलीएवढी प्लास्टिकची तबकडी एकमेकांकडे फेकतात. जिच्या हातात तबकडी येते तिने पळायचं नाही, एक पाय रोवून उभं राहायचं. समोरचा तिच्यापुढे हात पसरून दहापर्यंत मोठ्याने मोजतो, तेवढ्यात तिने ती आपल्यातल्या कुणाकडे तरी फेकायची. अशी पोचवत पोचवत दुसऱ्यांच्या बाजूच्या शेवटच्या पट्ट्यात झेलली की गुण. खाली पडली की ती दुसऱ्यांची. ती पडू नये म्हणून ही मुलगी जमिनीवर आडवी झोकून देते. ते डाग त्याचे.

झाडांना पाणी घालणाऱ्या माणसाला मी विचारलं, यांचा पंच कुठे आहे? तो म्हणाला, "यांच्यात पंच नसतो, बाई. ज्याची चूक त्यानेच सांगायची."

बेबी, मी नोकरीत असताना एकाही दुकानदाराने मला आत बोलावून सांगितलं नाही, की बाई, या, माझ्या पारड्याखाली मेण लावलंय. मेण मलाच शोधावं लागलं. आणि ही वीस धट्टीकट्टी माणसं म्हणे आपापलं पाप आपल्या तोंडाने सांगतात. मला हे पटत नाही. जिथे तपासणारा नाही तिथे मापात पाप असतंच. फक्त कुठे, ते बघायचं.

ऑक्टोबरात त्यांची मोठी स्पर्धा आहे. कुठे, ते ती सांगत नाही. "लांब आहे" एवढंच.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. उडी मारून खाली येताना ती सगळा भार डाव्या पायावर घेते. उजवा गुडघा दुखत असणार आणि ती लपवते आहे. मी तिला काही बोललेले नाही. खेळात आपली चूक आपणच सांगतात ना? बघू, हे सांगते का.

ताई


१७ सप्टेंबर

बेबी,

अक्षर खराब आहे, समजून घे. बादली उचलताना मनगट लचकलं.

इथे काही गोष्टी घडल्या आहेत. त्या एकापुढे एक मांडते आणि तू मला सांग की मी वेडी आहे का. सांगणार नाहीसच, पण तरी.

पहिली. पुडीच्या डब्यावर परवा चिठ्ठी चिकटवलेली दिसली. "साखर, मीठ. जुलाब नाहीत." मी औषधवाल्याकडे गेले आणि गिऱ्हाइकाची गोष्ट गिऱ्हाइकाच्या घरी सांगणं हा कुठला धंदा म्हणून विचारलं. त्याने शपथ घेतली. शपथा मी पुष्कळ ऐकल्या आहेत, म्हणून सोडून दिलं.

दुसरी. टाकीमागे मी पुन्हा गेले तर तिथे खुर्ची ठेवलेली. लाल, प्लास्टिकची, पुसलेली. मी उभी राहिले. तेवढ्यात एक ताडमाड मुलगा, त्याला सगळे लंबू म्हणतात, धावत आला आणि म्हणाला, मावशी, इथे उन्हाचा त्रास होईल, खुर्ची पलीकडे घेऊ का? मी झाडांना पाणी घालणाऱ्याकडे पाहिलं. तो नळी सरळ करत होता.

तिसरी. ही महत्त्वाची. मी ढब्बीला गुडघ्याबद्दल एका शब्दाने विचारलेलं नाही. औषधवाल्यालाही नाही, माळ्यालाही नाही. तरी ती परवा जेवताना आपणहून म्हणाली, "मावशी, माझा गुडघा चांगला आहे हं. डाव्या पायावर उतरायची नुसती सवय लागली होती. आता कप्तान मला रोज पायरीवरून दोन्ही पायांवर उड्या मारायला लावते." आणि उकडलेला बटाटा सोलायला लागली. मी विचारलंच नव्हतं, बेबी. मी ते फक्त एका ठिकाणी बोलले होते. कागदावर.

पाकीट मी स्वतः चिकटवते आणि स्वतः पेटीत टाकते. पोस्टाच्या माणसाला माझ्या भाचीच्या गुडघ्यात रस असण्याचं कारण नाही. तू माझी पत्रं कुणाला दाखवतेस का? विचारते आहे, आरोप करत नाही.

खुर्चीवर मी बसले. उभं राहून पाय दुखतात, एवढंच कारण. आता रोज बसते. पाहिलं ते लिहिते, कारण मुलगी कुठल्या संगतीत आहे हे तुला कळायला हवं.

पळतात कसे, तर सरळ पळतच नाहीत. चार पावलं जोरात, खचकन थांबायचं, उलट्या दिशेला. मागे लागलेल्या माणसाला फसवायचं. म्हणजे खेळात फसवणूक आहेच. फक्त ती पायांनी करायची, तोंडाने नाही, असा यांचा कायदा. रोज शेवटी भांडणाचाही सराव करतात. दोघांनी आमनेसामने उभं राहायचं. एक म्हणते, तू माझ्या हाताला धक्का दिलास. दुसरा म्हणतो, नाही दिला. मग दोघांनी आवाज न चढवता आपण काय पाहिलं तेवढंच सांगायचं. पटलं तर पटलं, नाही तर तबकडी मागे जिथून फेकली तिथे जाते आणि डाव पुन्हा सुरू. मी मुद्दाम चेहरे बघत होते. खोटं बोलणारा माणूस आधी हसतो, हा माझा अनुभव. कुणी हसलं नाही. म्हणजे चांगले तयार झालेले आहेत.

त्यांची कप्तान दातांची डॉक्टर आहे, तिशीची, आखूड केसांची. ती घरी आली होती. डोळे मिटून बसण्याचं तिने सांगितलं. अख्खा सामना मनात खेळायचा; आणि त्यात एकदा तरी तबकडी हातातून सुटू द्यायची आणि पुढे खेळायचं. ज्यांनी मनात फक्त जिंकून पाहिलेलं असतं ते पहिली चूक झाली की ढेपाळतात, म्हणे. हे मला पटलं, पण मी तसं दाखवलं नाही. मी पंचाचं विचारलं. ती म्हणाली, "मावशी, माझ्याकडे माणसं डोळे मिटून तोंड उघडतात. विश्वासावरच ना?" मी म्हटलं, विश्वासावर नाही, दाढ ठणकते म्हणून. ती इतकी हसली की चहा सांडला.

मुलगी बरी आहे. पण फार गोड बोलते. लक्ष ठेवते आहे.

कधीकधी मला मधे उभं करून दहापर्यंत मोजायला लावतात. ही मुलं घाईने मोजतात, मी एकसारखं मोजते. बिनपंचाच्या खेळात तेवढं तरी माप खरं असावं म्हणून करते.

ताई


२६ सप्टेंबर

बेबी,

आज थोडक्यात.

मंगळवारी सकाळी न्हाणीघरात मला चक्कर आली. डोळ्यांपुढे अंधार झाला आणि मी खाली बसले. पडले म्हण. किती वेळ गेला ते समजलं नाही. डोकं आपटलं नाही, खांदा दुखतो आहे. काल पुन्हा जिन्यात तसंच झालं, कठडा धरला म्हणून वाचले. छातीत धडधडतं. डॉक्टरकडे गेलेले नाही. डॉक्टर एक विचारतात आणि चार शोधून काढतात.

ढब्बीला मी सांगितलेलं नाही, आणि तिला कळता कामा नये. स्पर्धा तोंडावर आली आहे. पहाटे पळते, दुपारी दुकानात उभी असते, संध्याकाळी पायऱ्या चढते-उतरते. दोन उकडलेली अंडी जास्त खायला लागली आहे आणि लवकर झोपते. शरीर आणि डोकं दोन्ही ताणलेलं आहे. त्यात माझी भर नको.

हे फक्त तुला लिहिते आहे. कुणाला बोलू नकोस.

ताई


५ ऑक्टोबर

बेबी,

पकडलं.

मला चक्कर आली नव्हती. न्हाणीघरात नाही, जिन्यातही नाही. छाती तुझ्या-माझ्या आईसारखी ठणठणीत आहे. मागचं पत्र मी मुद्दाम तसं लिहिलं. एखाद्या दुकानात माल कुठून झिरपतो ते कळत नसलं की आम्ही पोत्यावर खूण करायचो आणि ते पोतं कुठे निघतं ते बघायचो. मी पत्रावर खूण केली. आणि ते तिसरीकडे कुठे नाही, माझ्याच घरात निघालं.

गुरुवारी ढब्बी दुपारीच घरी आली. दुकानात डोकं दुखतं सांगून. माझ्याकडे बघून म्हणाली, मावशी, तू जरा बसतेस का. मी म्हटलं, का? म्हणाली, उगीच. मग न्हाणीघरात गेली आणि खाली रबरी चटई टाकून आली. येताना विकत आणली होती. मी हातातलं वर्तमानपत्र खाली केलं नाही, कारण मला हसू येत होतं. इतक्या वर्षांनी काटा मारणारा रंगेहाथ सापडला की कसं वाटतं ते तुला कळणार नाही.

म्हणजे बोलता तुम्ही. सरळ विचारलं नाही, पण जिन्याच्या वळणावर उभी राहून ऐकलं. पहाटे मैदानाकडे जाताना ती तुला फोन करते. "आई, रंग बरा दिसतोय तिचा, पण लपवते आहे ती," असं तुला सांगत होती. किती महिने चाललं आहे हे? आणि मी इकडे खुशाली लिहिते आहे, पाकिटं चिकटवते आहे! ज्या बाईला मुलीचा गुडघा, पूड, खुर्ची सगळं रोजच्या रोज कळतं तिला मी चार-पाच दिवसांनी शिळी बातमी पाठवते. दोघी मिळून हसत असाल.

हे इथपर्यंत मी शुक्रवारी लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहिते.

काल कप्तान आली. केळी घेऊन आली, सगळ्यांनी मिळून पाठवली म्हणाली. माझी नाडी बघितली. दातांच्या डॉक्टरने नाडी बघायचं काय काम, पण मी हात दिला. मग म्हणाली, ढब्बी येत नाहीये. शुक्रवारी सकाळी सगळे निघणार, शनिवार-रविवार स्पर्धा, आणि ढब्बीने काल येऊन सांगितलं की मावशीला एकटं सोडून मी येणार नाही. कप्तानाने समजावलं, कुणी शेजारची बाई ठेवू म्हणाली. ढब्बीने ऐकलं नाही. "तिच्याइतकी लांब फेक आमच्यात कुणाची नाही," कप्तान म्हणाली. "पण मी तिला आग्रह केला नाही. वाईट एवढंच वाटतं, की तिची आई या वेळी बघायला येणार होती."

मी विचारलं, आई कशी येणार?

"म्हणजे काय, स्पर्धा त्यांच्याच गावात आहे ना. तिने तुम्हाला सांगितलं नाही?"

मी केळी फडताळात ठेवायला आत गेले.

तेव्हा "लांब आहे" म्हणजे हे. दीड वर्षाने ती तुझ्यासमोर पळणार होती. तू मैदानाच्या कडेला उभी असणार होतीस आणि मी इथे तिचे कपडे वाळत घालणार होते. आणि गेली तर परत येईल कशावरून? तू जेवायला घालशील, डोक्यावरून हात फिरवशील, म्हणशील, आपल्याकडेही चष्म्याची दुकानं आहेत. मी तुला लहानपणापासून ओळखते.

मी कप्तानाला काही सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं. पण ती मुलगी माझ्याकडे इतक्या काळजीने बघत होती की खोटं आहे म्हणणं अवघड झालं. शिवाय मला एक कळत नाही. मी खोटं लिहिलं तेही पकडायला. इतके महिने घरात बसून खोटं तर तुम्ही बोलत होतात. मग पहिली चूक कुणाची?

असो. खरं काय ते मी वर लिहिलं आहे. तू वाचशील, तिला सांगशील, तिने जायचं की नाही ते ती ठरवील. पत्र आजच पेटीत टाकते. मी सांगितलं नाही असं नंतर कुणी म्हणायला नको.

तुला ते शनिवारी मिळेल. पोस्टाला वेळ लागतो, त्याला मी काय करणार?

ताई


११ ऑक्टोबर

बेबी,

मागचं पत्र तुला काल मिळालं असेल. त्याआधीच तुला सगळं कळलं असेल, कारण तुमचा फोन आहे. तरी माझ्या बाजूने लिहिते. काय पाहिलं तेवढंच.

पत्र टाकून आले त्या रात्री ढब्बीने तिची गादी माझ्या दाराबाहेर टाकली. म्हणाली, माझ्या खोलीत उकडतं. ऑक्टोबर आहे, उकडत असेल असं मीही धरलं. माणसाला धरायचं असलं की काहीही धरता येतं.

बुधवारी संध्याकाळी ती खुर्चीवर बसली. ताठ, डोळे मिटून. मनगट हलायला लागलं. मी भाजी निवडत होते. आधी वाटलं, सवयीने बसली असेल. पण ती नेहमीसारखीच खेळत होती. पाय जमिनीवर वळत होते, श्वास वाढत होता. मधे एकदा दचकली, म्हणजे सुटली असणार. थांबली. पुन्हा सुरू. ज्या सामन्याला ती जाणार नव्हती तो ती शेवटपर्यंत खेळली, बेबी. मग उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, मावशी, तुला आज कसं वाटतंय?

मी म्हटलं, बरं वाटतंय. ती म्हणाली, चेहऱ्यावरून वाटत नाही.

गुरुवारी सकाळी ती खेळायचा अंगरखा परत द्यायला मैदानावर गेली. आकड्याचा असतो, बदली मुलीला लागणार होता. धुऊन, इस्त्री करून नेला. मी चपला घातल्या आणि मागून गेले. टाकीमागे गेले नाही. सरळ मधे गेले. ते सगळे गोल करून बसले होते, ती उभी होती, अंगरखा कप्तानाच्या हातात होता. मला बघून लंबू खुर्ची आणायला उठला. मी म्हटलं, बस.

"मला चक्कर आली नव्हती," मी म्हटलं. "एकदाही नाही. मी ती पत्रात खोटी लिहिली. हिची आई माझी पत्रं हिला सांगते का, ते मला बघायचं होतं. सांगते. आणि ही येणार नाही हे कळल्यावरही मी चार दिवस गप्प बसले. ते मला बघायचं होतं म्हणून नाही. ही जाऊ नये असं वाटत होतं म्हणून."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांना सवय लावलेली आहे, समोरचा सांगेपर्यंत ऐकून घ्यायचं. शेवटी लंबूने विचारलं, म्हणजे मावशी, तुम्ही पडलाच नाहीत? मी म्हटलं, नाही. त्याने जरा विचार केला. "मग केळी?" मी म्हटलं, ती मी खाल्ली. कुणीतरी मागे हसलं आणि लगेच थांबलं.

ढब्बी हसली नाही. ती माझ्यापासून हातभर अंतरावर आली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ते मला घरात दिसलं नव्हतं, मैदानावरच्या उजेडात दिसलं.

"मी दाराबाहेर तुझा श्वास ऐकत पडून राहत होते, मावशी. जरा वेळ ऐकू आला नाही की उठून आत येत होते."

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं.

"तू जागी होतीस. दोनदा तू जागी होतीस."

होते. खरं आहे. तिची सावली अंगावर आली की मी डोळे मिटून घ्यायचे. तिने बघून जावं म्हणून. ते मी आधी सगळ्यांपुढे सांगताना गाळलं होतं. तिथे सांगितलं.

कप्तान मधे पडली नाही. अंगरखा तिने ढब्बीपुढे धरला, एवढंच. बदली मुलगी आपणहून म्हणाली, तो मला मोठाच होत होता. ढब्बीने तो घेतला आणि मला म्हणाली, "तू तिकडे येऊ नकोस. बघायला नको, सोडायला स्टेशनावरही नको." मी म्हटलं, बरं. आणि घरी आले. येताना माळ्याने नळी बाजूला घेऊन वाट दिली.

शुक्रवारी निघताना ती माझ्याशी बोलणार नाही असंच मी धरून चालले होते. पिशवी भरली, बूट बांधले. दारात थांबून म्हणाली, आईचं-माझं बोलणं सुरू झाल्याला सात-आठ महिने झाले. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "आईच म्हणाली, सांगू नकोस. ताईला कळलं तर ती पत्रं बंद करील. मग मला कोण लिहील?"

हे तू खरंच म्हणालीस, की जाता जाता तिने मला बरं वाटावं म्हणून रचलं, ते मला ठरवता येत नाही. दोन दिवस तोच विचार चालू आहे. तुझा स्वभाव बघता खरं वाटत नाही. तिचा स्वभाव बघता खोटं वाटत नाही. माझ्याकडे तपासायला काही नाही.

आज रविवार. दुपार झाली. घरात मी एकटी आहे. शेवटचा सामना झाला असेल, किंवा चालू असेल, किंवा ते कालच बाहेर पडले असतील. कप्तानाला फोन करता येईल, पण ढब्बीने नको म्हटलं आहे ते फक्त मैदानापुरतं, असा सोयीचा अर्थ मी काढणार नाही. मनगट अजून दुखतं. बादली नव्हती ती. गच्चीवर ती मला तबकडी फेकायला शिकवत होती. माझी उजवीकडे फार वळते.

तेव्हा आता तू लिही. फोन नको, फोनवर मी तुला दोन वाक्यांत तोडून टाकीन. पत्र लिही. जिंकले की हरले ते लिही. ती दोन्ही पायांवर उतरली का, लिही. कुणी हरकत घेतली का, तिने काय सांगितलं, सुटली तेव्हा तोंड कसं झालं, जेवली का, ते लिही. तिला तुझ्याकडेच राहायचं असेल तर तेही लिही, आडवळणाने नको.

मी तिथे नव्हते आणि दुसऱ्या कुणाला विचारणार नाही. तू जे लिहिशील ते मी खरं धरीन.

ताई